गुडघ्याची मुदत ठेव

पावसाळा ओसरू लागला की शिरपूर आणि परिसरातील शाळांच्या मैदानांवर कबड्डी आणि खो-खोचे संघ घाम गाळू लागतात. आधी तालुक्याची स्पर्धा, मग धुळ्याला जिल्ह्याची आणि त्यापुढे विभागाची, अशी एक शिडी प्रत्येक खेळाडू मुलामुलीच्या डोळ्यांपुढे असते. दुकान-पेढी सांभाळणाऱ्या घरांतील मुलीही आता या शिडीवर उत्साहाने चढताना दिसतात, ही आनंदाची बाब होय. परंतु याच शिडीच्या एखाद्या पायरीवर असा प्रसंग येतो, ज्यासाठी घर मुळीच तयार नसते. चढाई करून परतताना पाय जमिनीवर रोवला जातो, शरीर दुसऱ्याच बाजूला वळते आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. मुलगी मटकन खाली बसते. दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. त्या क्षणापासून पुढचे नऊ-दहा महिने घरातील मंडळी कशी वागतात, यावर तिचा खेळ तर अवलंबून असतोच, शिवाय तो गुडघा पुढील चाळीस-पन्नास वर्षे तिला कशी साथ देणार, हेही बऱ्याच अंशी ठरते.

गुडघा हा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचा सांधा. ही हाडे एकमेकांत घट्ट अडकलेली नसतात. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम चार प्रमुख लिगामेंट, म्हणजेच अस्थिबंध करतात. त्यांपैकी दोन बंध सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यातील पुढच्या बंधाला ‘अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट’ किंवा थोडक्यात ‘एसीएल’ म्हणतात. नडगी पुढे घसरू न देणे आणि गुडघा पिळला जाऊ न देणे, हे त्याचे काम. हा बंध पुष्कळदा कोणाच्या धक्क्याशिवायच तुटतो. धावताना अचानक थांबणे, झटक्यात दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर चुकीचे उतरणे एवढे कारण पुरते. कबड्डीत पाय पकडीत अडकलेला असताना शरीर वळते, खो-खोत खांबापाशी वेगात वळण घ्यावे लागते. अशा वळणाच्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक प्रमाणात आढळते, हे पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. बंधाबरोबर कधी कधी दोन हाडांमधील गादी, म्हणजे मेनिस्कसही फाटते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे, यापेक्षा काय करू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. खेळ तत्काळ थांबवावा. ‘चालून बघ, मोकळा होईल’ असा सल्ला देऊ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवावा. क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. गरम पाण्याचा शेक, तेलाचे मालिश आणि हाडवैद्याकडून सांधा ‘बसवून’ घेणे या तिन्ही गोष्टी या काळात टाळाव्यात. आत रक्तस्राव झालेला असतो. शेकाने व चोळण्याने सूज वाढते, आणि झटका देऊन ओढल्यास फाटलेल्या गादीची अधिक हानी होऊ शकते.

दुसरी फसगत क्ष-किरण चित्राने होते. ‘एक्स-रे काढला, हाड मोडलेले नाही’ असे कळताच घर निर्धास्त होते. परंतु क्ष-किरण चित्रात हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. सूज तीन-चार आठवड्यांत ओसरते, मुलगी चालू लागते आणि प्रकरण मिटले असे वाटते. मग एके दिवशी जिना उतरताना किंवा पुन्हा मैदानात वळताना गुडघा अचानक दगा देतो. प्रत्येक वेळी असा निसटलेला गुडघा आतील गादी आणि कूर्चा थोडी थोडी झिजवीत जातो. म्हणून खेळताना आवाज आला असेल आणि काही तासांतच सूज आली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाची तपासणी आणि त्यांनी सांगितल्यास एमआरआय करणे आवश्यक आहे. शिरपूरहून धुळे पन्नास-एक किलोमीटरवर आहे, आणि तेथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. हा प्रवास टाळून वाचवलेले पैसे पुढे अनेक पटींनी फेडावे लागतात.

निदान झाले की पहिला प्रश्न येतो तो शस्त्रक्रियेचा. प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवर एक शिस्तबद्ध अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काहींची शस्त्रक्रिया लवकर केली गेली, तर काहींना आधी व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्या रुग्णांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नव्हती. अर्थात जिला कबड्डी किंवा फुटबॉलसारखा वळणाचा खेळच खेळायचा आहे, जिचा गुडघा वारंवार निसटतो, किंवा जिची गादीही फाटलेली आहे, तिला डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. लहान मुलामुलींमध्ये हाडांची वाढ चालू असल्याने पद्धत आणि वेळ दोन्ही वेगळी ठरवावी लागते. निर्णय तज्ज्ञांचा असावा. मात्र ‘शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?’ हा प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

शस्त्रक्रियेत तुटलेला बंध शिवला जात नाही. बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील किंवा वाटीजवळील स्नायूबंधाचा तुकडा घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने तो जुन्या बंधाच्या जागी बसवला जातो. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हा नवा तुकडा बसवला त्या दिवशी लिगामेंट नसतो. त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालते, जुने तंतू विरघळवते, नवे विणते, आणि काही महिन्यांनी त्याचे रूपांतर लिगामेंटसारख्या दोरात होते. या घडामोडीत पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारास तो तुकडा बसवला होता त्याहूनही दुबळा होतो. आणि नेमक्या याच सुमारास वेदना थांबलेली असते, सूज उतरलेली असते, मुलगी जिना चढत-उतरत असते. मुलीला वाटते बरे झाले, आईवडिलांना वाटते बरे झाले. वेदना आधी जाते आणि ताकद नंतर येते, हे गुडघ्याच्या दुखापतीचे सर्वांत फसवे वैशिष्ट्य होय.

बँकेत ठेवलेली मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज कमी मिळते, मुद्दल तरी हाती येते. गुडघ्याची मुदत मध्येच मोडली तर मुद्दलही जाते. नॉर्वेतील १०६ रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१६) असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. नऊ महिने हा आकडा शोभेचा नाही. तो शरीराच्या विणकामाचा काळ आहे.

शिरपूरकरांना हे वेगळ्या शब्दांत सांगण्याचीही गरज पडू नये. तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून बंधारे बांधले गेले, ते काम ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखले गेले. बंधारा पहिल्या जोरदार पावसातच भरलेला दिसतो. विहिरीची पातळी मात्र पाणी जमिनीत मुरल्यावरच वाढते. बंधारा भरला म्हणून त्याच दिवशी कोणी विहिरीवर मोटार बसवीत नाही.

या संदर्भात सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण अनेक घरांत दिले जाते. माधवनगरमध्ये वाढलेल्या या मुलीचे वडील आणि भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध वडोदरा येथे तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना तिच्या गुडघ्याच्या एसीएलला दुखापत झाली. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. फेब्रुवारीतील श्रीलंकेतील विश्वचषक पात्रता स्पर्धा हुकली. मे महिन्यातील दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिकाही हुकली. इंग्लंडमधील विश्वचषकात २४ जून रोजी ती मैदानात उतरली. पहिल्याच सामन्यात यजमान इंग्लंडविरुद्ध ७२ चेंडूंत ९० धावा, आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६.

ही कथा बहुधा येथेच थांबवली जाते, आणि ऐकणाऱ्या मुलीच्या मनात एकच हिशेब पक्का होतो : पाच महिने. परंतु त्या स्पर्धेचे पुढचे पानही वाचले पाहिजे. त्या दोन खेळींनंतर तिच्या धावा आटल्या, आणि लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. याचा दोष गुडघ्याला देणे योग्य होणार नाही, कारण क्रिकेटमध्ये असे चढउतार निरोगी खेळाडूलाही येतात. तिचे मोठेपण त्या पाच महिन्यांच्या घाईत शोधू नये. ते त्यानंतरच्या आठ वर्षांच्या सातत्यात आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा उपकर्णधार असलेली स्मृती त्या संघाच्या फलंदाजीचा आधारस्तंभ होती. शिवाय राष्ट्रीय संघातील खेळाडूभोवती रोज डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक उभे असतात. त्यांच्या देखरेखीत परतण्याची तारीख आणि गावातील मैदानावर स्वतःच्या अंदाजाने परतण्याची तारीख एक असू शकत नाही.

कुस्तीपटू विनेश फोगाट हिचे उदाहरण याच दृष्टीने अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत तिच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. २०१८ मध्ये तिने राष्ट्रकुल आणि आशियाई या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा गुडघा दुखावला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि आशियाई स्पर्धा हुकली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस येथे तिने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. तेथे वजनाच्या नियमामुळे तिला अपात्र ठरवले गेले, पण तिच्या गुडघ्याने तिला दगा दिला नाही.

आता घराकडे वळू. परतण्याची घाई केवळ मुलीलाच असते असे नाही. संघाला एक खेळाडू कमी पडत असतो. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा सवलतीच्या गुणांचा विचार असतो. ‘एवढा एकच सामना’ ही विनंती आदराने केलेली असते, म्हणून ती नाकारणे जड जाते. अशा वेळी ‘डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही’ एवढे एक वाक्य वडिलांनी स्वतःच्या तोंडून म्हणावे. नकाराचा भार त्या मुलीवर टाकू नये. परतण्यापूर्वी दोन्ही मांड्यांची ताकद मोजली जावी आणि दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्के असावी, एका पायावरील उड्यांच्या चाचण्या व्हाव्यात, हे आता जगभर मान्य झालेले निकष आहेत. कॅलेंडर आणि चाचणी, दोन्हींची सही हवी.

खर्चाच्या बाबतीत एक चूक वारंवार दिसते. शस्त्रक्रियेसाठी घर मोठी रक्कम उभी करते, आणि नंतर फिजिओथेरपीचे पैसे जड वाटू लागतात. ‘व्यायाम काय, घरी करता येतील’ असे म्हणून महिन्याभरात ते बंद पडतात. व्यापाराची जाण असलेल्या वाचकांना हे सहज कळेल : यंत्र विकत घेतले आणि खेळते भांडवलच ठेवले नाही, तर कारखाना चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एमआरआय, शस्त्रक्रिया, इम्प्लांट आणि किमान सहा महिन्यांची फिजिओथेरपी असा एकत्रित अंदाज लेखी मागावा. आरोग्य विमा असल्यास पॉलिसीतील रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी सोडल्यानंतरच्या खर्चाचे कलम वाचावे. ही मुदत ठरावीक दिवसांची असते, त्यामुळे प्रत्येक पावती तारखेनिशी जपून ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो की नाही, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधीच करावी. रोज धुळ्याला जाणे शक्य नसेल, तर पंधरा दिवसांनी तज्ज्ञांकडे जाऊन व्यायाम शिकून घ्यावेत आणि घरी वहीत रोजची नोंद ठेवावी.

आहाराविषयी जैन कुटुंबांना काही वेगळे प्रश्न पडतात. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने रोडावतो. तो परत कमावण्यासाठी व्यायामाइतकीच प्रथिनांची गरज असते. मूग, मटकी, हरभरा, तूर, शेंगदाणे, दूध, दही, पनीर यांतून ती भागवता येते, मात्र प्रत्येक जेवणात त्यांचा ठरवून समावेश हवा. ‘सांध्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेताना वेष्टन जरूर वाचावे. ग्लुकोसामाइन पुष्कळदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, कोलॅजेन प्राण्यांपासून आणि कॅप्सूलचे आवरण जिलेटिनपासून बनवलेले असते. तुटलेला बंध या गोळ्यांनी जुळत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. चौविहार पाळणाऱ्या घराने ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी, म्हणजे औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाशी जुळवता येतात. लांब उपवासाच्या तपाविषयी या काळात डॉक्टर आणि गुरुमहाराज दोघांचा सल्ला घ्यावा. सामायिक, प्रतिक्रमण खुर्चीवर बसून करावे. पालिताणा किंवा मांगीतुंगीच्या हजारो पायऱ्यांची यात्रा पुढच्या वर्षावर टाकावी. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो.

सर्वांत नाजूक भाग मनाचा आहे. मैत्रिणी सरावाला जात असताना घरी बसून पायाखाली टॉवेलची घडी दाबत राहणे, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला शिक्षेसारखे वाटते. त्यात घरातील मोठ्यांच्या तोंडून ‘सांगितले होते ना, मुलीच्या जातीला हे खेळ कशाला’ असे निघाले, तर तिचे दुःख दुप्पट होते. पुढे स्थळे पाहताना पायाची खूण कोणाला दिसेल काय, ही कुजबुजही काही घरांत होते. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेच्या खुणा लहान असतात आणि कालांतराने फिक्या होतात. मुलीच्या मनावर उमटलेली खूण इतक्या सहज फिकी होत नाही. मुलाचा गुडघा दुखावला तर ‘बरा होऊन खेळ’ आणि मुलीचा दुखावला तर ‘आता पुरे’ असे दोन न्याय एका घरात नसावेत. खेळ सोडायचा की नाही हे तिने ठरवावे, तेही गुडघा बरा झाल्यावर. दुखण्याच्या भरात तो निर्णय घेऊ नये. तोवर तिला संघासोबत राहू द्यावे. गुण लिहिणे, लहान मुलींना शिकवणे ही कामे बसूनही करता येतात.

दुखापत टाळण्याचा मार्गही फारसा महाग नाही. नॉर्वेतील तेरा ते सतरा वर्षे वयाच्या सुमारे १९०० मुली फुटबॉलपटूंवर एक अभ्यास झाला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरावापूर्वी वीस मिनिटे धावणे, तोल सांभाळणे, मांडी-कमरेचे व्यायाम आणि उडी मारून गुडघे किंचित वाकवून उतरण्याचा सराव, एवढाच कार्यक्रम ज्या मुलींनी केला, त्यांच्यात गंभीर दुखापतींचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आज तो ‘फिफा इलेव्हन प्लस’ या नावाने ओळखला जातो. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, लागतो तो क्रीडाशिक्षकाचा आग्रह. शिरपूर परिसरातील शाळांनी स्पर्धांच्या आधी, जून-जुलैपासूनच ही वीस मिनिटे वेळापत्रकात घातली, तर मैदानावर ‘कट्’ असा आवाज ऐकण्याची वेळ कितीतरी मुलींवर येणार नाही. आणि ज्या घरात तो आवाज आधीच झाला आहे, त्या घराने मुलीला पूर्ण नऊ महिने द्यावेत. त्याहून मोठी मदत कोणाच्याच हाती नाही.